शेष गप्प होता

चांदेश्वर विमानतळावर शेष बसवला त्या दिवशी संचालक गजेंद्र वाळिंबे यांनी यंत्रापुढे नारळ फोडला आणि नारळाचं पाणी नेमकं जोडणीच्या उघड्या पेटीत गेलं. अर्धा दिवस यंत्र बंद पडलं. भाषण मात्र बंद पडलं नाही. पृथ्वीचा भार डोक्यावर तोलणाऱ्या शेषनागाला जशी जमिनीवरची बारीकसारीक हालचाल कळते तशीच या यंत्रालाही कळेल, आणि उभ्या विमानाला गाडी धडकण्याचे प्रकार आपल्याकडून हद्दपार होतील, असं वाळिंबे तासभर सांगत होते. शेवटच्या रांगेत हेमांगी दुसाने उघडपणे जांभया देत बसली होती. मूर्खांच्या बाजारात आपण बोलून तोंड कशाला विटाळायचं, हा तिचा जुना बाणा होता.

हेमांगी एप्रनची नियंत्रण अधिकारी होती. विमानं जिथे उभी राहतात, प्रवासी घेतात, सामान भरतात, त्या सिमेंटच्या अफाट मैदानाला एप्रन म्हणतात. त्याच्या डोक्यावर एका काचेच्या खोलीत तिची खुर्ची होती. तिथून तिला सामानाच्या गाड्या, इंधनाच्या गाड्या, जेवणाच्या गाड्या, शिड्या आणि त्या सगळ्या चालवणारी माणसं दिसत. कोण केव्हा येणार, कोण कुठून जाणार हे ती ठरवत असे. हुशार होती, कामाला चोख होती आणि खाली दिसणाऱ्या एकाही माणसाला ती आपल्या पासंगालाही पुरणारा समजत नसे. वर दिसणाऱ्यांना तर त्याहून नाही.

यंत्र मात्र खरोखर चांगलं होतं. एप्रनच्या सिमेंटखाली केसाएवढ्या काचेच्या तंतूंचं जाळं पुरलेलं होतं. इंटरनेटसाठी रस्त्याखाली पुरतात तसलेच तंतू. त्यांच्यातून सेकंदाला हजारो वेळा लेसरचा प्रकाश सोडला जाई. काच कितीही शुद्ध असली तरी तिच्यात सूक्ष्म उणिवा राहतातच, आणि त्यांच्यावर आपटून थोडा प्रकाश मागे फिरतो. वरून एखादं चाक गेलं किंवा कुणी पाय आपटला, की त्या जागेवरचा तंतू किंचित ताणला जातो आणि मागे फिरणाऱ्या प्रकाशाचा ताल बिघडतो. ताल कुठे बिघडला आणि कसा, यावरून वर काय घडलं हे शेष ओळखत असे. विमानाला गाडी लागली तर तो हादरा विमानाच्या चाकांमधून सिमेंटमध्ये उतरे, आणि हेमांगीच्या पडद्यावर लाल दिवा लागे.

एवढा खटाटोप करायला कारण होतं विमानांची नवी कातडी. जुन्या काळी विमानं धातूची असत. गाडी लागली की पोचा पडे आणि तो आंधळ्यालाही हाताला लागे. आता विमानाची कातडी कार्बनच्या धाग्यांची झाली होती. ती हलकी, चिवट आणि लबाड. गाडीचा रबरी बंपर तिच्यावर आदळला की ती आत दबते आणि परत जागेवर येते. बाहेर ओरखडासुद्धा नाही, पण आतल्या बरगड्या मोडलेल्या. विमान उंच गेलं की आतल्या हवेच्या दाबाने ते फुगतं, खाली आलं की आक्रसतं. मोडक्या बरगड्यांवर हे असं दर उड्डाणाला चालतं, आणि एक दिवस आकाशात त्या जागी भगदाड पडतं. म्हणून धक्का दिसत नसेल तर तो ऐकला पाहिजे, असा साधा विचार यंत्रामागे होता. त्यात चूक काढायला जागाच नव्हती.

चूक माणसांनी काढली. शेषाने पहिल्याच महिन्यात इतके धक्के ऐकले की वाळिंब्यांचं तोंड आंबट झालं. लाल दिवा लागला की विमान थांबवायचं, आतून तपासायचं, प्रवाशांना उतरवायचं आणि गाडी चालवणाऱ्याचा परवाना काढून घ्यायचा. विमान कंपन्यांनी बोंब ठोकली. "पूर्वी एवढे धक्के लागत नव्हते," वाळिंबे बैठकीत म्हणाले. पूर्वी ते कुणी ऐकत नव्हतं, हे सांगायला एकाचीही जीभ उचलली नाही. मग उपाय निघाला. जिच्या गाड्या शेषाला सगळ्यात कमी वेळा सापडतील त्या पाळीला दर महिन्याला ढाल.

ढाल म्हटल्यावर खाली एप्रनवर डोकी चालू लागली. विमान उभं राहिलं की त्याच्या चाकांना रबराचे जड ठोकळे लावतात. कुणाच्या तरी लक्षात आलं, की गाडी विमानाला भिडते त्याच क्षणी असा एक ठोकळा चाकाशेजारी कमरेइतक्या उंचीवरून सोडला, तर त्या दणक्यात गाडीचा धक्का बुडून जातो. शेषाला ठोकळा पडल्याचं कळतं, आणि ठोकळा पडणं हा गुन्हा नाही. या कलेला त्यांनी 'टाळी देणं' असं नाव ठेवलं. चालकाने गाडी पुढे घ्यायची आणि जोडीदाराने टाळी द्यायची. लागलं असो वा नसो, टाळी द्यायचीच, नाहीतर फक्त लागल्यावर दिलेली टाळी उघडी पडेल. जोडीदाराने टाळी चुकवली तर त्याच्याशी कुणी डबा वाटून खाईना. मुकादमांना हे माहीत होतं, विमान कंपन्यांच्या माणसांना माहीत होतं. आंधळं दळत होतं आणि कुत्रं पीठ खात होतं. धक्क्यांचा आकडा शून्यावर आला, आणि शून्याबद्दल वाळिंब्यांचा दिल्लीत सत्कार झाला.

हेमांगीलाही माहीत होतं. पडद्यावर दर गाडीमागे एक ठोकळा पडताना दिसत होता. न कळायला ती वाळिंबे नव्हती. पण तिने कुणाला सांगितलं नाही. या गाढवांपुढे गीता वाचण्यात अर्थ नाही असं ती स्वतःला सांगे, आणि गीता न वाचण्याचा तिला थोडा अभिमानही वाटे.

खाली त्या माणसांत तिचा धाकटा भाऊ तुषार होता. बारावीला दोनदा आपटलेला, रसवंती बुडवलेला, भागीदारीत मोबाइल दुरुस्तीचं दुकान काढून भागीदाराला दुकानासकट घालवलेला. शेवटी हेमांगीनेच शब्द टाकून त्याला इथे चिकटवला होता. सामान चढवायची पट्ट्याची गाडी तो चालवायचा. विमानाच्या पोटाशी जाऊन उभी राहणारी ही गाडी, म्हणजे धक्के द्यायला सगळ्यात सोयीची. दिवाळीला भावजय कीर्ती फराळ घेऊन येई तेव्हा हेमांगी तिला विचारायची, "काय गं, आमचे वीर अजून नोकरीवर आहेत ना?" कीर्ती कसंनुसं हसायची. तुषारही हसायचा.

त्या दिवशी दुपारी कोचीचं विमान भरून तयार झालं होतं. शिडी निघाली, दारं लागली, ओढगाडीने विमान मागे ढकलायला सुरुवात केली. तेवढ्यात हेमांगीचा मोबाइल वाजला. तुषारचा होता.

"ताई, लागलं गं."

"काय लागलं?"

"गाडी. मागच्या सामानाच्या दाराखाली. मी ब्रेक दाबला, पण खाली तेल सांडलेलं होतं, गाडी सरकली. इरफाननं टाळी बरोबर दिली, शेष गप्प आहे. पण आवाज वेगळा आला. आतून आला, कडकड असा. मी मुकादमाला सांगितलं तर तो म्हणे शेष गप्प आहे ना, मग तूही गप्प बस. मी काय म्हणू राहिलो—"

"काही म्हणू नकोस!" हेमांगीचा पारा चढला. "लाज नाही वाटत? लागलं की आली ताईची आठवण! लहानपणी काच फोडायचास आणि माझ्या पदराआड लपायचास. आता विमान फोडलंस आणि मी झाकू? तुझी घाण निस्तरायला बसलेय का मी इथे?"

"तसं नाही ताई, ऐक ना—"

तिने फोन कापला.

मग तिने पडद्याकडे पाहिलं. कोचीच्या विमानापुढे हिरवा दिवा होता. एक ठोकळा पडल्याची नोंद, बाकी काही नाही. खाली ओढगाडी सुटली होती आणि विमान आपल्या बळावर धावपट्टीकडे निघालं होतं. शेषाची सूचना नसताना विमान थांबवायचं असेल तर धक्का डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाचं नाव सांगावं लागे. हा नियम तिनेच आग्रहाने घालून घेतला होता, कारण भुरट्या अफवांवर विमानं थांबवायची तिला चीड होती. म्हणजे आता नाव सांगायचं तर तुषारचं. नाव सांगितलं की टाळी उघडी पडणार, त्याची नोकरी जाणार आणि वर पोलीस. कीर्तीची शिकवणी नुकतीच बंद पडली होती, पदरात दोन मुली होत्या. आणि गप्प बसलं तर कुणाच्या बापाला कळणार नव्हतं. कदाचित काही मोडलंही नसेल. तुषारच्या कानांवर कोण विश्वास ठेवणार?

विमान वळणावर पोचलं. हेमांगीने टॉवरचा फोन उचलला.

"कोचीचं विमान थांबवा. मागच्या दाराखाली गाडीची धडक आहे."

"इथे शेषाची सूचना दिसत नाही, मॅडम."

"दिसणारही नाही. थांबवा."

"साक्षीदार?"

"तुषार दुसाने. पट्ट्याच्या गाडीवरचा चालक."

"दुसाने? तुमचे कोण?"

"भाऊ," हेमांगी म्हणाली.

विमान थांबलं. प्रवाशांना उतरवलं तेव्हा त्यांनी जो काही तमाशा केला तो हेमांगीने काचेतून पाहिला. एक गृहस्थ जमिनीवर पाय आपटून ओरडत होते, आणि शेष बिचारा तो पायही इमानाने ऐकत होता. एका बाईने विमानाचं पोट दाखवून चित्रफीत काढली, "बघा, काहीसुद्धा झालेलं नाही." खरंच काही दिसत नव्हतं. अभियंत्याने तळहात फिरवून पाहिला, बॅटरी मारून पाहिली. "ओरखडाही नाही, मॅडम," तो म्हणाला. तोवर वाळिंबे धापा टाकत पोचले होते. भावाबहिणीचं घरगुती भांडण विमानतळावर आणल्याबद्दल त्यांनी हेमांगीला चारचौघांत झापलं. तिने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती अभियंत्याला म्हणाली, "आतून बघा."

पोटातल्या बाळाची करतात तशी विमानाची सोनोग्राफी करायचं यंत्र होतं. अभियंत्याने ते कातडीवरून फिरवायला घेतलं, आणि थोड्याच वेळात त्याचा हात थांबला. शेजारीशेजारी असलेल्या चार बरगड्या मोडल्या होत्या. कातडी आतल्या पट्ट्यांपासून सुटली होती. अभियंता सामानाच्या रिकाम्या ढकलगाडीवर जाऊन बसला. वाळिंब्यांनी पडद्यावरचं चित्र पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला, "हे आणखी कुणी पाहिलंय?"

चौकशी त्यांच्याच दालनात झाली. शेष चुकला असं म्हणायची सोय नव्हती. देशभरच्या विमानतळांवर तो बसवायचं घाटत होतं आणि वाळिंबे त्याचे सल्लागार होणार होते. अख्खी पाळी टाळी देत होती असंही म्हणता येत नव्हतं, कारण मग ढालींचं काय? म्हणून दोन माणसांनी संगनमताने यंत्राला फसवलं असं ठरलं. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची पद्धत आपल्याकडे जुनीच आहे.

"तुमच्या भावाने फोन केला तो प्रकरण दडपण्यासाठी, बरोबर?" वाळिंब्यांनी विचारलं.

"दुसऱ्या कशासाठी करणार?" हेमांगी म्हणाली.

"म्हणजे हो?"

"हो."

"आणि या टाळी प्रकाराची तुम्हाला आधी काही कल्पना?"

हेमांगीने क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. वाळिंबे हसत होते. "नसणारच," ते स्वतःच म्हणाले, "तुम्ही वर बसता." तिला सौदा कळला. असल्या माणसाशी हुज्जत घालण्यात काय हशील, असं मनात म्हणून ती गप्प राहिली. तुषारला आणि इरफानला आत बोलावलं गेलं तेव्हा त्यांना फक्त गाडी कोणाची आणि ठोकळा कोणाचा एवढंच विचारलं.

दोघांची नोकरी गेली. पुरावा दडपायचा प्रयत्न केला म्हणून तुषारवर गुन्हा दाखल झाला. हेमांगीला प्रशस्तिपत्र मिळालं. एप्रनवर मोबाइल न्यायला बंदी आली, कारण चौकशीच्या मते सगळ्या घोळाचं मूळ तो फोन होता. वाळिंबे सल्लागार होऊन दिल्लीला गेले, आणि उंटावरून शेळ्या हाकायला त्यांना अख्खा देश मोकळा मिळाला.

पंधरवड्याने हेमांगी तुषारकडे गेली. जिना चढतानाही ती मनात बोलणंच जुळवत होती. त्याने रडगाणं गायलं तर सांगायचं, की बाबा, तुझ्या हातून दीडशे माणसं मरायची वाचली, माझे पाय धर. कीर्तीने दार उघडलं आणि आत निघून गेली. तुषार मुलीच्या सायकलची साखळी बसवत खाली बसला होता. त्याचे हात काळे झाले होते.

"ये ताई, बस," तो म्हणाला.

"वकील बघितलास?"

"बघितला. तो म्हणे, बहिणीचाच जबाब आहे, आता काय करणार."

"मग मी खोटं बोलायचं होतं का? तुला झाकायचं होतं?"

तुषारने साखळीवरून हात काढला. मग म्हणाला, "ताई, एक विचारू? शेष गप्प होता. इरफानची टाळी बरोबर पडलेली. मुकादम म्हणे गप्प बस. कुणालाच काही कळणार नव्हतं. मग झाकायला राहिलंच काय होतं?"

तो सायकल बाजूला सारून तिच्याकडे वळला.

"मी फोन कशाला केला असंल, सांग ना."

आतून भांड्यांचा आवाज येत होता. कीर्ती चहा टाकत असावी. हेमांगीला तो फोन पुन्हा ऐकू आला. ऐक ना, ऐक ना म्हणणारा तो आवाज. पहिल्यांदाच तिला त्यात आपला आवाज किती मोठा होता ते कळलं.

"काय सांगणार होतास?" तिने विचारलं.

"थांबव म्हणणार होतो. माझं नाव सांग आणि थांबव. तुझ्याशिवाय कोण थांबवणार होतं? पण तू बोलू कुठं दिलं?"

"चौकशीत का नाही सांगितलंस?"

"विचारलं कोणी? आणि तू तर आधीच सांगून बसलेली. तुझ्यापुढं माझं कोण ऐकतं?" हे तो कुरकुरत म्हणाला नाही. पाऊस पडतो, ऊन पडतं, तसं म्हणाला.

"मी उद्या जाऊन जबाब बदलते," हेमांगी म्हणाली. "टाळीचंही सांगते. मला माहीत होतं म्हणून सांगते." जबाब बदलला की आपली खुर्ची जाईल हे तिला ठाऊक होतं, आणि गंमत म्हणजे त्याचं तिला काहीच वाटलं नाही.

"बदल," तुषार म्हणाला. "पण लवकर बदल. इरफान काल खालच्या पोरांना भेटून आला. टाळी चालूच आहे म्हणे. आता मोबाइल नाही, आणि असता तरी कोणी फोन करणार नाही. सगळे म्हणू राहिले, तुषारनं फोन केला, त्याचं काय झालं बघा."

कीर्तीने चहाचा कप हेमांगीपुढे ठेवला. तुषारने काळे हात फडक्याला पुसले आणि बशी तिच्याकडे सरकवली. आयुष्यभर ती ज्या नजरेने त्याच्याकडे पाहत आली होती, तीच नजर आज त्याच्या डोळ्यांत असणार म्हणून तिने मान वर केली. ती नजर तिथे नव्हती.